स्वतंत्र रॉक संगीत, प्रत्यक्ष श्रवण आणि यजमान शहर : मुंबई-पुण्याचा अनुभव व नंदुरबार जिल्ह्याचे स्थान

प्रस्तावना

संगीत ऐकणे आणि संगीताला जाणे या दोन भिन्न क्रिया आहेत. पहिली क्रिया आज नंदुरबार जिल्ह्यातील कोणत्याही महाविद्यालयीन तरुणाला सहज साध्य आहे. भ्रमणध्वनीचे जाळे जेथे पोहोचते तेथे दिल्ली, बंगळूर, शिलाँग किंवा लंडन येथील कोणत्याही वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण क्षणार्धात उपलब्ध होते. दुसरी क्रिया मात्र अंतर, पैसा, वेळ आणि रात्रीच्या मुक्कामाची सोय यांवर अवलंबून असते. ज्या वाद्यवृंदाला ऐकायचे त्याच्या गावाला, किंवा तो जेथे येणार आहे त्या शहराला, श्रोत्याने जावे लागते. म्हणजे संगीताबरोबर त्याला एक शहरही भेटते. हे शहर त्या संगीताला काय देते, त्याच्याकडून काय हिरावून घेते, आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्यातून तेथे जाणाऱ्या श्रोत्याच्या वाट्याला नेमके काय येते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याच्या विभाजनातून अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ४८ हजारांच्या घरात असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. नंदुरबारहून पुणे रस्त्याने चारशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे; मुंबईला जायचे तर रेल्वे आधी सुरतेला नेते आणि तेथून दक्षिणेकडे वळते. १९०० साली पूर्णत्वास गेलेल्या तापी खोऱ्यातील लोहमार्गाने या भागाचे तोंड व्यापारासाठी सुरतेकडे वळवले ते आजही पुष्कळ अंशी तसेच आहे. हा भूगोल नीट ध्यानात घेतल्याशिवाय 'कार्यक्रमाला जाणे' या साध्या वाटणाऱ्या गोष्टीतील अडचण कळत नाही.

'स्वतंत्र' या शब्दाचा अर्थ

खानदेशात 'बँड' म्हटले की वरातीपुढे चालणारा बँड डोळ्यांसमोर येतो. शहरी तरुणांच्या बोलण्यातील 'बँड' त्याहून वेगळा आहे. चार-पाच वादक-गायक एकत्र येऊन स्वतःची गीते स्वतः रचतात, स्वतः वाजवतात आणि दीर्घकाळ एकाच नावाने ओळखले जातात, असा तो संच होय. 'इंडी' हे इंग्रजीतील 'इंडिपेंडंट' या शब्दाचे संक्षिप्त रूप. ब्रिटन-अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या बाहेर राहून लहान कंपन्यांमार्फत किंवा स्वतःच्या खर्चाने ध्वनिमुद्रिका काढणाऱ्यांसाठी तो रूढ झाला. भारतात या स्वातंत्र्याला आणखी एक अर्थ आहे, आणि तोच येथे अधिक महत्त्वाचा. भारतीय ध्वनिमुद्रण व्यवसाय अनेक दशके चित्रपटसंगीताच्या आधारे उभा राहिला. त्यामुळे चित्रपटासाठी न लिहिलेले, अभिनेत्याच्या ओठांवर न बसवलेले गीत बाजारात आणणे हेच मुळात स्वतंत्र धाडस ठरले.

मुंबईत १९८४ मध्ये स्थापन झालेला 'रॉक मशीन' हा वाद्यवृंद या वाटेवरचा एक ठळक टप्पा. त्या काळी इंग्रजी रॉक वाजवणाऱ्यांकडून श्रोते परदेशी गीतांची हुबेहूब नक्कल अपेक्षित. 'रॉक मशीन'ने १९८८ मध्ये स्वतःच्या गीतांची ध्वनिमुद्रिका काढली, १९९३ मध्ये 'इंडस क्रीड' हे नाव घेतले आणि भारतीय वाद्ये व स्वरांची जोड आपल्या संगीताला दिली. दिल्लीत १९९० मध्ये 'इंडियन ओशन' उभा राहिला. त्याने गिटार आणि तबला यांना एकाच पंक्तीत बसवले. करोलबाग भागातील एका जुन्या बंगल्यात अनेक वर्षे त्यांचा सराव चाले. त्याच घराचा क्रमांक व रस्ता यांवरून '१६/३३० खजूर रोड' हे नाव घेतलेला गीतसंग्रह त्यांनी २०१० मध्ये दरमहा एक गीत याप्रमाणे महाजालावर विनामूल्य दिला. कंपनीचा आधार सोडला की कमाईचा मुख्य भार प्रत्यक्ष कार्यक्रमांवर येतो, हे गणित या निर्णयामागे स्पष्ट दिसते.

हे गणित महाराष्ट्राला नवे नाही. नारायणगावात तंबू-राहुट्यांतून गावोगावच्या यात्रांसाठी तमाशाच्या सुपाऱ्या ठरतात आणि फड हंगामभर फिरत राहतो. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांच्या बाजाराबरोबर तमाशाची रात्रही पूर्वापार आहे. फडाचा मालक, मुक्कामाचा खर्च, गावाची मागणी, पावसाने बुडालेली रात्र या साऱ्या गोष्टी फिरत्या रॉक वाद्यवृंदालाही तशाच लागू पडतात. इतकेच काय, शहरी वादकही ठरलेल्या कार्यक्रमाला 'सुपारी' म्हणतात!

धोबी तलाव

मुंबईच्या रॉक संगीताचा इतिहास लिहायचा झाल्यास तो धोबी तलावापासून सुरू करणे योग्य ठरेल. सेंट झेवियर महाविद्यालयाच्या शेजारी 'रंगभवन' हे शासकीय खुले नाट्यगृह आहे. १९७८ मध्ये निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने 'जाझ यात्रा' हा आंतरराष्ट्रीय महोत्सव येथे सुरू झाला. १९८६ मध्ये फरहाद वाडिया यांनी 'इंडिपेंडन्स रॉक' हा स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास होणारा वार्षिक मेळा येथेच आरंभला. पुढील दीड दशक मुंबई व बाहेरगावच्या होतकरू वाद्यवृंदांना रंगभवनाच्या रंगमंचावर उभे राहणे म्हणजे परीक्षा उत्तीर्ण होण्यासारखे होते.

हे स्थान योगायोगाने निवडले गेले असे वाटत असले तरी परिसराकडे पाहिले असता वेगळे चित्र दिसते. धोबी तलाव हा गोव्याहून पोटासाठी मुंबईला आलेल्या ख्रिस्ती समाजाच्या 'कुडां'चा भाग. कूड म्हणजे एकेका गोमंतकीय गावाने मुंबईत आपल्या माणसांसाठी चालवलेली सामुदायिक खोली. जहाजावर कामाला जाणारे खलाशी, आचारी आणि वादक येथे अल्प भाड्यात राहत. चर्चच्या शाळेत स्वरलेखन वाचायला शिकलेले हे गोमंतकीय वादक हॉटेलांतील जाझ वाद्यवृंदांत वाजवीत आणि दिवसा हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला जात. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट या नावांचे ऋण हिंदी चित्रपटसंगीतावर किती आहे, हे आता अभ्यासकांनी नीट नोंदवले आहे. जेर महाल या जुन्या इमारतीत कुडाही आहेत आणि वाद्ये व स्वरलेखनाची पुस्तके विकणारे 'फुर्टाडोज' हे जुने दुकानही. म्हणजे रंगभवनाला कार्यक्रमासाठी आलेला तरुण ज्या फुटपाथवरून चालत असे, तो फुटपाथच संगीताचा होता. जवळच चर्चगेट आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस; मध्य, हार्बर व पश्चिम या तिन्ही मार्गांवरून येणाऱ्याला लोकलच्या तिकिटात पोहोचता येई आणि शेवटची गाडी पकडून परतता येई. रंगभवनाचे महत्त्व त्याच्या रंगमंचापेक्षा या दोन स्थानकांत अधिक होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

ध्वनीचे शास्त्र

घरी ऐकलेलेच गीत मैदानात ऐकण्यासाठी एवढा प्रवास का करावा, असा प्रश्न वडीलधारी मंडळी विचारतात. त्याचे उत्तर भावनेत शोधण्यापूर्वी भौतिकशास्त्रात शोधावे. ध्वनीचा हवेतील वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. या हिशोबाने ५० हर्ट्झ कंपनसंख्येच्या खर्जातील स्वराची तरंगलांबी जवळजवळ ७ मीटर येते. भ्रमणध्वनीतील बोटाच्या पेराएवढा ध्वनिक्षेपक असा तरंग निर्माण करू शकत नाही. तो केवळ त्याच्या वरच्या उपस्वरांवरून मेंदूला अंदाज बांधू देतो. बेस गिटार आणि पायाने वाजवला जाणारा मोठा ड्रम यांचे मूळ स्वर याच पट्ट्यात असतात. म्हणून पूर्वी शंभर वेळा ऐकलेल्या गीतातील तळाचा भाग श्रोत्याला मैदानात पहिल्यांदाच, आणि तोही कानाइतकाच छातीच्या पिंजऱ्याने, ऐकू येतो.

मोठ्या मैदानात आणखी एक अडचण उद्भवते. रंगमंचापासून १०० मीटरवर उभ्या असलेल्या माणसापर्यंत ध्वनी पोहोचायला सुमारे ०.३ सेकंद लागतो, आणि मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ध्वनीची पातळी साधारण ६ डेसिबलने उतरते. मागच्यांना ऐकू यावे म्हणून पुढचा आवाज वाढवला तर पुढच्यांचे कान बधिर होतात. यावर उपाय म्हणून मैदानाच्या मध्यावर ध्वनिक्षेपकांचे वेगळे मनोरे उभारतात आणि त्यांना जाणारा संकेत मोजून तेवढाच उशिरा सोडतात. रंगमंचावरचा ध्वनी हवेतून तेथवर येतो त्याच क्षणी मनोराही बोलतो, आणि श्रोत्याला दोन आवाज न ऐकू येता एकच ऐकू येतो. ही कामगिरी मैदानाच्या मधोमध तंबूत बसलेल्या ध्वनिसंयोजकाची. कार्यक्रम चांगला झाला तर त्याचे नाव कोणी घेत नाही. बिघडला तर मात्र सारे मागे वळून त्याच्याकडेच पाहतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी १५ मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबल ही वरची मर्यादा सुचवली आहे. कानांना साध्या स्पंजाच्या गुट्ट्या लावून ऐकणे हे भित्रेपणाचे लक्षण नसून शहाणपणाचे आहे, हे नवख्या श्रोत्याला सांगण्याची आवश्यकता आहे.

रात्रीचे दहा

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम फेब्रुवारी २००० मध्ये अमलात आले. रुग्णालये, शैक्षणिक संस्था व न्यायालये यांच्या सभोवतालचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरला, आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई झाली. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मधील निकालात याच भूमिकेला बळकटी दिली. सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार तेवढा राज्य शासनाकडे राहिला.

रंगभवनाच्या एका अंगाला महाविद्यालय आणि हाकेच्या अंतरावर कामा व गोकुळदास तेजपाल ही रुग्णालये. २००३ च्या सुमारास तेथील संगीत कार्यक्रम थांबले. हा निर्णय चुकीचा होता असे म्हणणे अवघड आहे. प्रसूतीच्या खाटेवरील स्त्रीला शांतता हवी, आणि तिचा हक्क गिटारवादकाच्या हक्काआधी येतो. परंतु रंगभवनाऐवजी तितकेच मध्यवर्ती, तितकेच स्वस्त दुसरे खुले ठिकाण शहराने उभारले नाही, ही उणीव मात्र निःसंशय शहराची आहे. 'इंडिपेंडन्स रॉक' अंधेरीच्या चित्रकूट मैदानावर गेला. पुढे काही वर्षांच्या खंडानंतर २०२२ मध्ये तो माझगावला पुन्हा भरला.

नियमांनी बंदिस्त सभागृहांना रात्रीची मोकळीक ठेवली होती. संगीत छताखाली गेले त्यामागे हेही एक कारण. २००७ च्या अखेरीस लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात 'ब्ल्यू फ्रॉग' सुरू झाले आणि २०१६ पर्यंत ते स्वतंत्र वाद्यवृंदांचे मुंबईतील प्रमुख ठिकाण होते. उत्तम ध्वनियंत्रणा, नियमित कार्यक्रम, वादकांना सन्मानाची वागणूक हे त्याचे गुण सर्वमान्य आहेत. परंतु जागेचा इतिहास विसरता येत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपानंतर गिरणगाव उद्ध्वस्त झाले आणि ज्या आवारांत तीन पाळ्यांचे भोंगे वाजत तेथे कचेऱ्या, दुकाने व उपाहारगृहे आली. कोकण-घाटावरून आलेल्या कामगारांच्या भजनी मंडळांचा, शाहिरांचा आणि कामगार रंगभूमीचा तो परिसर. तेथे आता प्रवेशशुल्क, मद्य आणि महागडे खाद्यपदार्थ यांच्या हिशोबावर संगीत चालू लागले. डिसेंबर २०१७ मध्ये जवळच्याच कमला मिलच्या आवारात गच्चीवरील उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जणांचा मृत्यू झाला. बंदिस्त जागेत रात्र घालवणाऱ्याने बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग कोठे आहे हे आत शिरतानाच पाहून ठेवावे, एवढा धडा तरी त्या घटनेने दिला.

रात्रीच्या दहाच्या नियमाचा फटका केवळ रॉक संगीताला बसला असे मानू नये. पुण्यात १९५३ मध्ये पं. भीमसेन जोशी यांनी सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्रभर चाले आणि पहाटेच्या रागांनी संपे. नव्या नियमांनंतर बैठकी दुपारी सुरू होऊन रात्री दहाला थांबू लागल्या. एखाद्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत परवानगी मिळते एवढेच. मध्यरात्रीनंतरचे आणि उत्तररात्रीचे राग त्यांच्या वेळी ऐकण्याची एका पिढीची सवय अशा रीतीने मोडली.

पुणे : एका दिवसाचे शहर

२०१० मध्ये पुण्यात 'एन.एच.सेव्हन वीकेंडर' हा अनेक रंगमंचांचा महोत्सव सुरू झाला आणि स्वतंत्र संगीताचे यजमानपद काही काळ मुंबईकडून पुण्याकडे आले. 'अग्नी'सारखा वाद्यवृंद या शहराने आधीच दिला होता. विद्यार्थ्यांची प्रचंड संख्या, गणेशोत्सवातील मांडव व ढोलपथकांची सवय, शिवाय शहराच्या पूर्वेकडे नव्या वसाहतींमधील मोठी मैदाने ही त्याची कारणे सांगता येतील. मात्र हीच मैदाने स्वारगेट वा शिवाजीनगरच्या बसस्थानकापासून दूर पडतात, आणि कार्यक्रम दहाला संपल्यावर तेथून परतण्यास सार्वजनिक वाहन मिळणे कठीण असते. बाहेरगावच्या विद्यार्थ्याच्या खर्चात तिकिटापेक्षा मुक्काम आणि रिक्षाचे भाडे जड होते ते यामुळे.

अशा श्रोत्याचा कार्यक्रम सायंकाळी असतो आणि एस.टी. त्याला सकाळीच उतरवते. मधला दिवस हा त्याचा शहराशी होणारा खरा परिचय. शनिवारवाडा, कसबा, केळकर संग्रहालय हा ठरलेला मार्ग सर्वांना ठाऊक आहे. नंदुरबारच्या विद्यार्थ्याने त्याऐवजी रेल्वे स्थानकापासून जवळच असलेल्या क्वीन्स गार्डन भागातील आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संग्रहालय पाहावे. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत महाराष्ट्रातील आदिवासींची वाद्ये, मुखवटे, दागिने, शेतीची व शिकारीची साधने मांडलेली आहेत. जे ढोल-पावा घरच्या आढ्याला टांगलेले असतात ते काचेआड नामफलकासह पाहताना त्या विद्यार्थ्याला काय वाटत असेल, याचा अंदाज संग्रहालयशास्त्राच्या पुस्तकांतून येणार नाही. आणि त्याच सायंकाळी मैदानावर त्याला आणखी एक ओळखीची गोष्ट भेटण्याची शक्यता असते.

नर्मदेचे गीत

'इंडियन ओशन'चे गायक व बेस गिटारवादक राहुल राम यांनी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणीय विषशास्त्रात पीएच.डी. मिळवली. मायदेशी परतल्यावर ते नर्मदा बचाओ आंदोलनात काम करू लागले आणि १९९१ मध्ये या वाद्यवृंदात दाखल झाले. खोऱ्यातील वास्तव्यात ऐकलेली गीते त्यांनी बरोबर नेली. नर्मदेची स्तुती करणारे 'मा रेवा' हे पारंपरिक गीत मार्च २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'कंदिसा' या संग्रहात आले आणि वाद्यवृंदाच्या सर्वाधिक लोकप्रिय गीतांपैकी एक ठरले. मुंबई-पुण्याच्या मैदानांवर हजारो तरुण ते एका सुरात म्हणतात.

यातील बहुसंख्य तरुणांना हे माहीत नसते की ज्या खोऱ्यातून हे गीत आले त्याचा एक काठ महाराष्ट्राचा आहे आणि तो नंदुरबार जिल्ह्यात आहे. सरदार सरोवराच्या बुडिताखाली महाराष्ट्रातील ३३ गावे आली; ती सर्व अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांतील. त्यांतील पहिले मणिबेली. तेथील ग्रामस्थांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी पावसाळ्यात वाढत्या पाण्यासमोर घरात बसून केलेला सत्याग्रह देशभर गाजला. जागतिक बँकेचा या प्रकल्पातील कर्जसंबंध १९९३ मध्ये संपुष्टात आला. सर्वोच्च न्यायालयाने १८ ऑक्टोबर २००० रोजी धरणाचे काम पुढे नेण्यास अनुमती दिली आणि २०१७ मध्ये १३८.६८ मीटर उंचीच्या धरणाचे दरवाजे बंद झाले. ज्या वर्षी नदीचे गीत देशभरातील तरुणांच्या घरांत पोहोचले त्याच वर्षी नदीकाठच्या गावांचे भवितव्य ठरले, ही नोंद संगीताच्या इतिहासात सहसा होत नाही. ती व्हावयास हवी.

येथे एक आक्षेप संभवतो. खोऱ्यातील गीत शहरी वाद्यवृंदाने घेतले, त्यावर टाळ्या मिळवल्या, खोऱ्याला काय मिळाले? आक्षेप अगदीच निराधार नाही. तथापि राहुल राम हे गीत शोधण्यासाठी खोऱ्यात गेले नव्हते. आंदोलनाच्या कामासाठी गेले असता ते गीत त्यांना सापडले. या दोन गोष्टींत अंतर आहे. शिवाय ज्या वाद्यवृंदाला चित्रपटाच्या चौकटीबाहेर उभे राहायचे असते त्याला आपली भाषा, आपले सूर कोठून तरी मिळवावेच लागतात. मुंबई परिसरातील 'अभंग रिपोस्ट' या मंडळीने संतांच्या अभंगांना गिटारची साथ दिली ती याच गरजेतून. अभंगाला मात्र वारी आहे, कीर्तनकार आहेत, छापील गाथा आहेत. नव्या चालीने त्याचे मूळ रूप पुसले जाण्याची भीती नाही. बुडालेल्या गावातील गीताला असा आधार नसतो. गाव सहा-सात वसाहतींत विखुरले की ते गीत ज्या प्रसंगी म्हणायचे तो प्रसंगच उरत नाही. तेव्हा शहरी ध्वनिमुद्रणात टिकलेले रूप हेच एकमेव रूप ठरण्याचा धोका आहे, आणि त्याची जबाबदारी वाद्यवृंदापेक्षा जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या मराठी, समाजशास्त्र व संगीत विभागांवर अधिक पडते. ध्वनिमुद्रण करण्याचे यंत्र आता प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात आहे.

नंदुरबारचे स्वतंत्र संगीत

वर दिलेली व्याख्या प्रामाणिकपणे लावली तर एक वेगळीच गोष्ट समोर येते. नवापूर, अक्कलकुवा, तळोदा या भागांत आणि सीमेपलीकडच्या गुजरातमधील तापी जिल्ह्यात लग्नसराईत वाजणारे आदिवासी बँड ट्रकवर वा टेम्पोवर की-बोर्ड, ढोल आणि ध्वनिक्षेपकांच्या भिंती चढवून फिरतात. भिली, मावची, वसावी, पावरी या बोलींतील गीते ते स्वतः रचतात. त्यांच्यामागे चित्रपट नाही, मोठी कंपनी नाही. आधी ध्वनिफिती, मग मेमरी कार्ड, आता यूट्यूब या मार्गांनी त्यांचे संगीत गावोगाव जाते आणि टिमलीच्या तालावर रात्रभर फेर धरला जातो. इंग्रजी नियतकालिकांतील 'इंडी' या सदरात त्यांचे नाव येत नसेल. अर्थाने ते त्यात पूर्णपणे बसतात. ध्वनिमर्यादेचा प्रश्न त्यांनाही लागू आहे, आणि गावातील रुग्णाचा हक्क येथेही तितकाच पहिला आहे, हे सांगणे आवश्यक आहे.

यजमानपदाचा विचार करताना अरुणाचल प्रदेशातील झिरो या ठिकाणाचे उदाहरण उपयुक्त ठरते. लोअर सुबनसिरी जिल्ह्यातील या आपातानी जमातीच्या खोऱ्यात २०१२ पासून स्वतंत्र संगीताचा महोत्सव भरतो. स्थानिक कारागीर बांबूचे रंगमंच उभारतात, श्रोते तंबूत वा गावकऱ्यांच्या घरी राहतात. महानगरापासून दूर असणे हा तेथे अडथळा न राहता आकर्षण बनले. तोरणमाळच्या पठारावर असे काही करता येईल का, असा प्रश्न उत्साही मंडळी करतील. तो विचारण्यापूर्वी या जिल्ह्यात असा सोहळा आधीपासून आहे, हे पाहणे इष्ट.

अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथील राजवाडी होळी १२४६ पासून चालत आली अशी परंपरा सांगितली जाते. होळीपूर्वी भोंगऱ्या बाजार भरतात. नवस बोललेले बुध्या व बावा काही दिवस 'पालनी' पाळतात : खाटेवर निजत नाहीत, पायात वहाण घालत नाहीत. होळीच्या रात्री ते अंगावर पांढरे ठिपके रेखाटून, कमरेला वाळलेले भोपळे व घुंगरू बांधून, डोक्यावर बांबूचा उंच मोरपिशी टोप चढवून येतात. सातपुड्याच्या पाड्यापाड्यांतून ढोलांचे संच चालत येतात आणि रात्रभर वाजत राहतात. उंच बांबूची होळी पेटते ती पहाटे पाचच्या सुमारास. या ढोलांचा घेर मोठा. विजेवाचून ते तोच खर्जातील तरंग उत्पन्न करतात ज्यासाठी शहरात ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभ्या कराव्या लागतात. ध्वनिसंयोजक नाही, मनोरे नाहीत. एक संच दूर गेला की दुसरा जवळ येतो आणि ऐकणारा चालत राहतो.

येथे श्रोत्यांसाठी कुंपण नाही आणि रंगमंचही नाही. कोण वाजवतो आणि कोण ऐकतो याची सीमा रात्रीत अनेकदा बदलते. अलीकडे मुंबई-पुणे-सुरतेहून छायाचित्रकार व पर्यटक मोठ्या संख्येने येऊ लागले आहेत. शहरातील कार्यक्रमात रंगमंचासमोरची जागा पैसे मोजून मिळते, म्हणून पुढे घुसणे हा आपला हक्क आहे असे पाहुण्यांतील काहींना वाटते. फेराच्या आत शिरून बुध्याच्या तोंडासमोर प्रकाशझोत धरणारे दिसतात. बुध्याची ती रात्र नवसाची असते. पाहुण्याने फेराच्या बाहेर, ढोलांच्या मागे उभे राहावे. तेथून दिसते कमी, पण ऐकू सर्वात चांगले येते. मुक्कामाची सोय काठीत फारशी नाही. बहुतेक जण अक्कलकुवा किंवा मोलगी येथून रात्री वर चढतात आणि होळी पेटल्यावर उजाडता उजाडता उतरतात. इतर गावांच्या होळ्या पुढच्या दिवसांत असतात, त्यामुळे ढोलांचे काही संच परत न जाता तसेच पुढे निघतात.